कोड सात : लाईट नव्हती

माझ्या पिशवीत पाच तोंडं असत. एका जाड पुठ्ठ्यावर ओळीनं काढलेली. पहिलं खदखदून हसणारं, दुसरं गालात हसणारं, तिसरं सरळ रेघेचं, चौथं उतरलेलं आणि पाचवं रडणारं. टीव्हीवरचा कार्यक्रम कसा वाटला हे ज्यांना शब्दांत सांगता येत नाही, किंवा सांगायचं नसतं, त्यांनी यातल्या एका तोंडावर बोट ठेवायचं आणि मी फॉर्मवर त्याचा आकडा लिहायचा. यवतमाळ जिल्ह्यात हे काम मी पाच वर्षं केलं. नातेवाइकांनी विचारलं की आई सांगायची, "ती टीव्हीत आहे." लोक माझ्याकडे एकदा नीट पाहत आणि विषय बदलत.

टीव्हीत मी कधीच नव्हते. नागपूरची एक संस्था वाहिन्यांसाठी प्रेक्षकांची मतं गोळा करायची, तिची मी या जिल्ह्यातली बाई. दर आठवड्याला ठरलेल्या घरांत जायचं, ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमानं विचारायचे. ओळखीचं घर निवडायचं नाही. कार्यक्रम चालू असताना त्या घरात बसायचं नाही, कारण कोणी बघत असलं की लोक वेगळे हसतात. आणि स्वतःचं मत, मग ते एका भुवईएवढं का असेना, दाखवायचं नाही. मी लहानपणापासून कमी बोलते. मुलाखतीत सरांनी तीन प्रश्न विचारले, मी तीन शब्दांत उत्तरं दिली. ते म्हणाले, "बोलत नाहीस? चांगलंय. मग लोक बोलतील."

ते खरं निघालं. गप्प बसलेल्या मुलीसमोर लोकांना गप्प बसवत नाही.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात होती, पण ती यवतमाळच्या एका कॉलनीतली, आवरलेली मराठी. खेड्यातल्या दारात उभं राहून पहिलं वाक्य बोलले की समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर लगेच उमटायचं, ही बाहेरची. कापसाची ती वाईट वर्षं होती. वहीपेन घेतलेली माणसं गावोगाव फिरत, गाड्या येत, फोटो काढत. त्यामुळे दार उघडणारी बाई मी काही विचारायच्या आधीच सांगायची, "आमच्या घरी तसं काई झालं नाई, बाई." मी म्हणायची, टीव्हीबद्दल विचारायचंय. मग चेहरा सैल व्हायचा. "टीव्हीचं हाय व्हय? मंग बसा नं."

'तसं' म्हणजे काय, हे मला कळत होतं असं मला वाटायचं.

ज्या मालिकेबद्दल लिहायचं आहे ती परदेशातली होती. आठच भागांची, परीकथेची, मराठीत आवाज दिलेली, रविवारी सकाळी दहाला लागायची. एका थंड राज्यातली राणी आपल्या लोकांना वाचवण्यासाठी चेटकिणीनं दिलेला जादूचा पेला पिते आणि बर्फाच्या महालात झोपी जाते. तिची दहा वर्षांची मुलगी चांदीची घंटा घेऊन तिला उठवायला निघते. एवढीच गोष्ट. नाव मोठं होतं, पण आमच्या तिन्ही ठिकाणी लोक तिला 'राणीचं' म्हणत. "राणीचं लागलं का?" "राणीचं पाह्यलं का?" सोमवारी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात, मंगळवारी पांढरकवड्याला, बुधवारी राजूरला, अशी माझी प्रत्येकी बारा घरं होती. गुरुवारी फॉर्म नागपूरच्या गाडीत.

लोकांची मतं ऐकायला मजा येई, हे कबूल करते. पहिल्या भागात सगळीकडे बर्फ पडत होता. राळेगावकडच्या गावात शांताकाकू म्हणून एक बाई होत्या, साठीच्या, आवाज वेशीपर्यंत जाईल असा. त्यांनी मला विचारलं, "एवढा कापूस पडून राह्यला अन् कोनी येचत काहून नाई तिकडं?" मी म्हटलं, तो बर्फ आहे. त्या म्हणाल्या, "असन. पन बिनसरकीचा दिसला, मनून इचारलं." राजूरच्या कोळसा खाणीतले एक काका दर आठवड्याला एकच तक्रार करत: त्या राज्यातल्या माणसांचे कपडे इतके पांढरे कसे. "पावडर कोन्ती वापरतात ते लिहा वर." पांढरकवड्याला हायवेवर गॅरेज असलेल्या घरातल्या दादींचा जीव चेटकिणीवर होता. "देखो बेटी, वो परी सिरफ नसीहत करती है. काम कोई नहीं. और ये बिचारी चुडैल, उसके महल में चौबीस घंटे लाईट तो है."

लाईट हा आमच्या धंद्यातला मोठा विषय होता. त्या वर्षांत भारनियमन दिवसाचे कितीतरी तास चाले, आणि लोक बहुतेक कार्यक्रम तुकड्यांनी पाहत. राहिलेलं ते स्वतःच जोडून घेत, आणि कित्येकदा ते मूळ गोष्टीपेक्षा बरं असे. फॉर्मवर 'हा भाग का पाहिला नाही?' या प्रश्नाला सात कोड होते. एक, वेळ नव्हता. दोन, आवडत नाही. असं करत शेवटचा, सात: लाईट नव्हती. त्यावर पुढचा प्रश्न नसे. कोड सातला कोणी 'का?' असं विचारत नाही.

आता माझ्या हातून जे झालं ते.

मालिका सुरू होण्याच्या आधी वाहिनीनं भाषेची चाचणी मागितली होती. पहिला भाग सीडीवर आला. सहा घरांत तो दाखवायचा आणि कोणते शब्द अडतात ते लिहायचं. मी यवतमाळमधली सहा घरं घेतली, त्यातली चार ओळखीची. नियम मला माहीत होता. पण अनोळखी घरात जाऊन पाऊण तास सीडी लावून बसायचं हे मला जमेल असं वाटेना, आणि नोकरी नवी होती. ओळखीच्या काकूंनी चहा दिला, पोहे दिले. त्या जादूच्या पेल्यातल्या गोष्टीला लिहिणाऱ्यानं 'मायारस' म्हटलं होतं. सहाही घरांत तो शब्द अडला. "माया म्हणजे पैसा का गं?" असं एका काकांनी विचारलं. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'मायारस कळत नाही. सोपा शब्द: औषध.'

माझ्या घरी औषध म्हणजे खोकल्याचं. लाल रंगाचं, गोड, झोपताना एक चमचा. दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

वाहिनीनं शब्द घेतला. सरांनी फोन करून सांगितलं, "तुझा शब्द टीव्हीवर जाणार." मी कोणाला बोलले नाही, पण त्या दिवशी मी जेवणात दोनदा वरण घेतलं, असं आई नंतर म्हणाली.

तिसऱ्या भागात राणी पेला उचलते. आमच्या घरात बसून मी ऐकलं. "मी औषध घेते," राणी म्हणाली. "गोड आहे," असंही म्हणाली. मग निवेदकाचा आवाज: "आणि राणीनं औषध घेतलं." माझा शब्द चार वेळा आला. मला फार बरं वाटलं.

सोमवारी राळेगावकडच्या गावात बारांपैकी नऊ घरांनी तिसरा भाग पाहिला नव्हता. "लाईट नोती." मी नऊ वेळा सात लिहिला. एक घर बंद होतं. उरलेल्या दोन घरांतल्या बायांनी कार्ड हातात घेतलं, पाचही तोंडं पाहिली आणि कशावरही बोट न ठेवता परत दिलं. शांताकाकूंनी त्या दिवशी विनोद केला नाही. मी समजले की राजकन्येची गोष्ट गावाला कंटाळवाणी झाली.

शुक्रवारी फॉर्म चाळता चाळता सरांनी नागपूरहून फोन केला. त्यांच्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक असे. खोटे फॉर्म त्यावरून पकडता येत. "रविवारी सकाळी त्या गावात लाईट होती," ते म्हणाले. "तू गेली होतीस ना? का घरीच बसून भरलेस?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कोणी असा आरोप केला होता. मी म्हटलं, गेले होते. ते म्हणाले, "मग पुन्हा जा आणि नीट विचार."

पुढच्या सोमवारी मी पुन्हा विचारलं. "काकू, मागच्या रविवारी लाईट होती म्हणतात."

"असन बाप्पा," शांताकाकू सुपात डाळ पाखडत म्हणाल्या. "आमच्या घरी नोती."

"समोरच्यांकडे?"

"त्याईच्याकडंबी नोती."

"पण तार तर एकच आहे ना?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमी लय शिकल्या सवरल्या दिसता," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

मग मी त्या बंद असलेल्या घराकडे गेले. ते प्रल्हादभाऊंचं. ते जिनिंगमध्ये काट्यावर होते, कापसाच्या गाड्यांचं वजन करायचे. दुपारपाळी असली की सकाळी भेटत. चाळिशीच्या आतले, सडसडीत, उत्तर देताना नेहमी उभे राहणारे. घरात त्यांची मुलगी कोमल, नऊ वर्षांची, आणि ते. बाई दिसत नसे. मी विचारलं नव्हतं. फॉर्मवर 'घरात टीव्ही पाहणाऱ्या व्यक्ती : दोन' एवढंच होतं.

कोमल ओट्यावर बसली होती. गावात ती एकटीच निघाली जिनं तिसरा भाग शेवटपर्यंत पाहिला होता. चौथाही. तिनं कार्ड ओढून घेतलं आणि पहिल्या तोंडावर बोट ठेवलं. खदखदून हसणाऱ्या.

"इतका आवडला?"

"राणी उठते नं शेवटी?"

"मला माहीत नाही."

"तुमी टीव्हीच्या नं?"

"मी फक्त विचारायला येते."

तिनं मागे आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिच्या पोरीजोळ चांदीची घाटी हाय. पितळेची चालते का?"

"कशाला?"

"मले एक भेटली. आबाच्या बैलाची. त्याईनं देल्ली." तिनं फ्रॉकच्या घेरातून ती काढून दाखवली. बैलाच्या गळ्यातली घंटा, एका कडेला चेपलेली. आत फडकं कोंबलं होतं, वाजू नये म्हणून.

प्रल्हादभाऊ दारात येऊन उभे होते. "कोमल, जा, काकूकडून पत्ती आन चहाची." ती गेली, तशी ते खाली बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"ताई, एक इचारू? रागाऊ नका."

"विचारा ना."

"ते राणीनं घेतलं, त्याले औषध काहून म्हनतात?"

मी सांगू लागले, जादूचं असतं, पिलं की झोप लागते. त्यांनी मान हलवली. "आमच्याकडं औषध मंजे एकच. पराटीवर मारतात थे." पराटी म्हणजे कापसाचं झाड, एवढं मला येत होतं. "अन् औषध घेतलं म्हनलं, का पुढं कोनी काई इचारत नाई."

मी इंग्रजी वर्तमानपत्र वाचते. त्यात त्या वर्षांत जवळजवळ रोज एक चौकट असायची, आणि कीटकनाशकाला असलेला तो लांबट इंग्रजी शब्द मला पाठ होता. मराठीत लोक त्याला काय म्हणतात हे मी कधी ऐकलंच नव्हतं. ऐकलं असेल, कानावरून गेलं असेल. मी त्या ओट्यावर बसून मनात माझं स्वतःचं वाक्य पुन्हा वाचलं. सोपा शब्द: औषध.

"दोन वर्सं झाले," ते म्हणाले. "कोमलची आई."

का, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. पुढेही कधी नाही.

तेव्हा कोमल मामाकडे होती. आली तेव्हा सगळं उरकलेलं. तिला सांगितलं की आई दूर गेली, तिथं झोपली आहे. त्या घराच्या भोवतीची सगळी माणसं दोन वर्षं ते सांभाळत होती. तिच्यासमोर कोणी तिच्या आईचं नाव घेत नव्हतं. आणि एका रविवारी सकाळी टीव्हीनं सगळ्या गावासमोर स्पष्ट आवाजात सांगितलं की राणीनं औषध घेतलं आणि ती झोपली. बायांनी आपापले टीव्ही बंद केले. प्रल्हादभाऊ जिनिंगवर होते. कोमल एकटी पाहत बसली.

"तिले कोनी तरी शाळंत बोललं असन कधी, तुह्या मायनं औषध घेतलं मनून. तिनं जोडून घेतलं. आता घाटी घेऊन हिंडून राह्यली." "परवा मले इचारते, बाबा, औषध गोड रायते का."



"घरात थेंब नाई ठेवत मी. शेजारचे डबेबी उचलून शेतावर नेऊन ठेवले, कुलपात. पन ताई, मले एक सांगा. ते राणी उठते का? उठली तर मी हिले काय सांगू? अन् नाई उठली तर काय सांगू? टीव्ही बंद करतो म्हनलं तर दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहीन. तुमी त्याईच्यातल्या हा. आधी सांगता आलं तर पाहा."

कोमल पत्ती घेऊन आली. चहा झाला. मी तो प्यायले. बसस्टँडवर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी फॉर्म भरलाच नव्हता.

त्या आठवड्यात मी नागपूरला स्वतः गेले. सरांना सगळं सांगितलं. एवढं सलग मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. मग त्यांनी जुनी फाईल काढली, चाचणीचे फॉर्म उघडले, आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. खाली माझी सही होती.

"खेड्यातलं एकही घर घेतलं नव्हतंस," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. मग, "मीही पाहिलं नाही. सही माझीपण आहे."

वाहिनीला पत्र इंग्रजीत लिहायचं होतं. ते मी तिथेच टेबलावर बसून लिहिलं. एकही खाडाखोड न करता, दहा मिनिटांत. जी गोष्ट मला माझ्या भाषेत कळली नव्हती ती परक्या भाषेत मी इतकी स्वच्छ मांडू शकत होते, याची मला लाज वाटली. अजूनही वाटते.

उत्तर दोन आठवड्यांनी आलं. सहा भाग तयार होते, त्यांना हात लावता येणार नव्हता. सातव्या आणि आठव्यात शब्द बदलू. सोबत शेवटच्या भागाचा सारांश होता, आमच्या प्रश्नावलीसाठी. मी पुन्हा नागपूरला गेले तेव्हा सरांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि ते चहा सांगायला बाहेर गेले. ते मुद्दाम गेले असं मी समजते.

सातव्या भागात राणीच्या पेल्यात पुन्हा मायारस आला. पांढरकवड्याच्या दादींनी मला दारातच गाठलं. "ये मायारस कौन है बेटी? नया आदमी आया क्या?" मी हसले. दादी म्हणाल्या, "आज पहली बार हँसी तू."

पण त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मी प्रल्हादभाऊंच्या घरी जाऊन आले होते. कोमल शाळेत होती. प्रेक्षकाला शेवट सांगायचा नाही, यावर मी सही केलेली होती.

"उठते," मी म्हटलं.

ते उभेच होते. "कशी?"

"मुलगी घंटा वाजवते. सात वेळा. मग ती डोळे उघडते."

"बोलते?"

"मुलीचं नाव घेते."

त्यांनी भिंतीला हात टेकला. बाहेर शांताकाकू कोणाच्या तरी शेळीला शिव्या देत होत्या. "नसतं सांगतलं तर बरं झालं असतं, ताई," ते म्हणाले. मग, "नाई. बरं झालं. मंग मले तिच्या आधी सांगा लागते." शनिवारी त्यांना सुट्टी होती. शनिवारी सांगतो म्हणाले. मी निघाले तेव्हा ते मागून आले. "रविवारी येजा. माह्याच्यानं एकट्यानं पाहनं होनार नाई ते."

कार्यक्रम चालू असताना त्या घरात बसायचं नाही. मी "येते" म्हटलं.

रविवारी पहिल्या एसटीनं गेले. खोली भरली होती. शांताकाकू, अजून चार-पाच बाया, दोन-तीन मुली. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, ती मी दर सोमवारी पाहिलेली. तिच्या बाजूला आज एक फोटो होता. हिरव्या साडीतली, किंचित तिरपं पाहणारी एक तरुण बाई. खिळ्याभोवतीचा चुना ताजा निघालेला, जमिनीवर त्याची पांढरी पूड तशीच होती.

प्रल्हादभाऊ माझ्याजवळ आले. "काल सांगतलं."

"काय?"

"जसं होतं तसं."

"रडली?"

"नाई. मले म्हने, मंग घाटी वापस नेऊन देतो. अन् खरंच गेली, देऊन आली." "रात्री माह्या शर्टाची बाही धरून झोपली."

कोमल टीव्हीसमोर बसली होती, सगळ्यांत पुढे. दहा वाजले, राणीचं लागलं. मुलगी बर्फातून चालत महालात पोचली. पायऱ्या चढली. राणी काचेसारख्या बर्फात पडलेली, हात छातीवर. मुलीनं घंटा काढली. एक टोला. दोन. मी कोमलच्या मानेकडे पाहत होते. तीन. चार. पाचव्या टोल्याला पडदा मिटला आणि डोक्यावरचा पंखा घरघरत थांबला.

"गेली!" शांताकाकू ओरडल्या. "ऐन टायमावर! मुडदा बसवला त्या लाईनवाल्याचा!"

त्या आठवड्यापासून भारनियमनाचं वेळापत्रक बदललं होतं. मला माहीत होतं. माझ्या पिशवीत कागद होता. मी त्याकडे पाहिलंच नव्हतं.

"उठली असन का वं?" एकीनं विचारलं.

"कायची उठते," दुसरी बोलून गेली. "औषध घेतल्यावर..." आणि तिनं पदर तोंडाशी नेला. सगळ्यांनी प्रल्हादभाऊंकडे पाहिलं.

कोमल वळून बसली. "ते आता औषध नाई म्हनत, काकू. मायारस म्हनतात. पन औषधच हाय ते. फक्त नाव बदलवलं त्याईनं."

मी जमिनीवरच्या चुन्याकडे पाहत राहिले.

"अन् ते टीव्हीतलं औषध हाय," ती म्हणाली, शाळेत उत्तर सांगावं तशी, प्रत्येक शब्द नीट उच्चारून. "त्यानं उठते मानूस. माह्या आईनं पराटीवरचं घेतलं होतं. त्यानं नाई उठत."

त्या खोलीत हे कोणी मोठ्यानं बोलण्याची ती पहिलीच वेळ. मग शांताकाकूंनी हात लांब केला. "ये वं माये, इकडं ये." कोमल त्यांच्या मांडीत जाऊन बसली. काकू फोटोकडे पाहत म्हणाल्या, "हे साडी मीच देल्ली होती तिले, पोटुशी होती तवा. मले म्हने, आत्याबाई, हिरवा नोका घेऊ, मी काळी दिसतो."

"दिसत नोती काळी," कोणी तरी म्हणालं.

"भाकर काय करे पन. असा पापुद्रा."

"अन् हासे तर इहिरीवर आइकू ये."

दोन वर्षं साठलेलं ते हळूहळू बाहेर येत होतं. प्रल्हादभाऊ दाराच्या चौकटीत उभे राहून ऐकत होते, पाठ आमच्याकडे. त्यांनी एकदाही कोणाला थांबवलं नाही. लाईट आली नाही. टीव्हीतल्या राणीची कोणाला आठवणही राहिली नाही.

निघताना मी सवयीनं फॉर्म आणि कार्ड काढलं, आणि काढल्यावर ओशाळले. कोमलनं कार्ड माझ्या हातातून घेतलं. पाचही तोंडं पाहिली. मग ते माझ्यासमोर धरलं.

"तुमचं कोन्तं?"

हे काम धरल्यापासून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्याआधीही फारसा कोणी नाही. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. सरळ रेघेच्या.

"खोटं," ती म्हणाली.

मी बोट चौथ्यावर नेलं. तिनं मान हलवली आणि आपलं बोट त्याच तोंडावर टेकवलं. तोंड छोटं होतं, दोन बोटं मावत नव्हती. तिचं अर्धं माझ्या नखावर आलं.

तो शब्द मी सुचवला होता, हे मी प्रल्हादभाऊंना त्या दिवशीही सांगितलं नाही. सांगायचं ठरवून गेले होते. ते मला फाट्यापर्यंत पोचवायला आले, बस येईपर्यंत उभे राहिले, "तुमी होत्या मनून जमलं," म्हणाले. मी गप्प राहिले. गप्प राहण्याबद्दल लोकांनी माझं कौतुकच केलेलं आहे. आता हे लिहिलं आहे, ज्या अंकात छापून येईल तो राळेगावला जातो म्हणतात.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर पिशवी ठेवून मी फॉर्म भरला. भाग आठवा. शेवटपर्यंत पाहिला का? नाही. का नाही? मी सात लिहिला. लाईट नव्हती. या वेळी ते वेळापत्रकातही सापडलं असतं.